रडकी गोधडी

तुमच्या घरात गोधड्या कोण धुतं, हे मी विचारत नाही. ते मला माहीत आहे. मी वेगळंच विचारते आहे. तुमच्या घरात अशी कोणाची गोधडी आहे, जी कधीच धुतली जात नाही? हा प्रश्न वाचून तुमची नजर नकळत माळ्याकडे गेली असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. गेली नसेल, तर तुम्ही माझ्या मावशीच्या जातकुळीतले आहात, आणि ती काही मिरवण्यासारखी गोष्ट नाही. कारण रंगाला इतकी घाबरणारी, रंगावर इतका संशय घेणारी आणि त्या संशयापायी सगळ्या घराला वेठीला धरणारी बाई अख्ख्या नेवासे तालुक्यात दुसरी नाही. माणूस खोटं बोलला तर मावशी एक वेळ सोडून देईल. कापडाने रंग सोडला तर जन्मभर सोडणार नाही.

मावशीचं गाव सोनईच्या अलीकडे, उसाच्या रानात. तिच्या वयाच्या बायकांच्या कनवटीला मिसरीची डबी असते, तशी हिच्या कनवटीला पांढऱ्या मलमलीची चिंधी असते. सोनईच्या बाजारात कापडवाल्याने थान उलगडलं की ही बोटाला थुंकी लावते, कापडाचा कोपरा ओला करते आणि चिंधीवर खसाखसा घासते. चिंधी पांढरी राहिली तर पुढची बोलणी, नाहीतर दुकानदाराचा उद्धार. एकदा चिंधी घरी राहिली. दुकानदार बिचारा लग्नाला निघालेला, अंगात कोरा पांढरा शर्ट. मावशीने हिरव्या खणाचा कोपरा ओला केला, इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची बाही ओढून तिच्यावरच घासला. बाही हिरवी झाली. "बघ," मावशी त्यालाच म्हणाली, "तूच म्हनत हुतास ना, पक्का हाय म्हनून?" त्या दिवसापासून मावशी रिक्षातून उतरताना दिसली की तो रंगीत थानं मागे सारतो आणि समोर फक्त पांढरं मांजरपाट ठेवतो. मावशीला वाटतं, तो सुधारला.

माझ्या मावसबहिणीला बघायला एक मुलगा आला होता. शिकलेला, जमीन बरी, बोलायलाही नीट. पण अंगात जांभळा कुर्ता आणि दिवस वैशाखातले. पोहे खाऊन, चहा पिऊन तो उठला, तेव्हा पाठीमागच्या पांढऱ्या तक्क्यावर त्याच्या घामाचा जांभळा नकाशा उमटला होता. पाहुणे गाडीत बसेपर्यंत मावशीने कळ काढली आणि मग निकाल दिला, "न्हाई जमायचं. रंग सोडतोय."

"कुर्ता का पोरगा?" काकांनी विचारलं. काका म्हणजे मावशीचे यजमान. त्यांनी आयुष्यात विचारलेल्या मोजक्या प्रश्नांपैकी हा एक.

"कुर्ता त्यानंच निवडलाय न्हवं?" मावशी म्हणाली, आणि विषय संपला. शिक्षण, जमीन, मुलीची पसंती, सगळं त्या तक्क्याच्या अभ्र्यात बुडालं. पुढे बहिणीला पांढऱ्या शर्टाचा नवरा मिळाला. माझ्या मते तो तद्दन निरुपयोगी गृहस्थ आहे, पण रंगाचा पक्का आहे.

शिंगणापूर तिच्या गावापासून जवळ. तिथल्या घरांना दारं नाहीत, हे बघायला लांबलांबून माणसं येतात. मावशीच्या घराला दार आहे, आणि ते कोणासाठी उघडेल हे अंगावरच्या कपड्यावर ठरतं. मागे काकांचे एक दूरचे नातलग शनीला पाणी घालून, ओलं केशरी वस्त्र अंगावर तसंच ठेवून थेट हिच्या दारात उभे राहिले. थकलेला म्हातारा माणूस. ओट्यावर अंथरलेल्या गोधडीवर टेकायला गेला. मावशी आतून जी धावली ती त्याला धरायला धावली असं त्याला वाटलं. तिने गोधडी ओढून काढली. म्हातारा शहाबादी फरशीवर बसला. "देवाचं हाय त्ये मान्य हाय," मावशी हात जोडून म्हणाली, "पर कापड कच्चं हाय." मग त्यांना उसाचा रस दिला, जेवू घातलं, निघताना गूळ बांधून दिला. पण बसवलं फरशीवर. तिचं आदरातिथ्य हे असं. पोट भरेल, टेकायला मिळणार नाही.

आमच्या घरावर तर तिचा कायमचा राग. माझे वडील पत्रकं छापून वाटत आले. पाण्याच्या समान वाटपाची, हुंडाबंदीची, बायकांच्या नावावर सातबारा करण्याची. मी अक्षरं त्यांवरच शिकले. कागद अर्थातच स्वस्तातला, भडक गुलाबी. लहानपणी सुट्टीत मावशीकडे जाताना वडील एक गठ्ठा माझ्याकडे द्यायचे आणि मी तो इमानाने तिच्या गावात वाटायचे. एकदा गठ्ठा मी तिच्या गोधडीवर ठेवला आणि त्यावर पाण्याचा तांब्या लवंडला. समतेचा संदेश गोधडीच्या अस्तरापर्यंत झिरपला. मावशीने तो गुलाबी चौकोन बोटाने चाचपून पाहिला आणि म्हणाली, "विचार चांगला आसंल तुज्या बापाचा. कागद कच्चा हाय." तेव्हापासून आमची पत्रकं तिच्या उंबऱ्याच्या आत आलेली नाहीत. या वाक्याला काय उत्तर द्यावं यावर मी अजून अधूनमधून विचार करते, आणि उत्तर सुचत नाही म्हणून चिडते.

पण हे सगळं किरकोळ. मावशी खरी पाहावी ती दसरा काढताना. आमच्या भागात घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघतं, त्याला दसरा काढणं म्हणतात. पाटाला पाणी सुटलं की गावोगावचे टेम्पो गोधड्यांनी भरून कालव्यावर येतात, आणि मग कुंपणं, बांध, खडक, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, जे दिसेल ते गोधड्यांनी झाकून जातं. न धुतलेली चिंधीसुद्धा घट असताना घरात राहता कामा नये, असा दंडक. इतर घरांत हे काम हसतखिदळत होतं. मावशीच्या घरात आधी चौकशी बसते. ओट्यावर एकेक गोधडी पसरली जाते. गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे, परकरांचे तुकडे. तर त्यातला प्रत्येक तुकडा ओला करून चिंधीने तपासला जातो. रंग न सोडणाऱ्या त्या शहाण्या. सोडणाऱ्या त्या रडक्या. शहाण्यांना पाटाचं वाहतं पाणी. रडक्यांना वेगळी टीप, म्हणजे पत्र्याचं पिंप, तिच्यात गार पाणी, त्यात खडे मीठ आणि तुरटीची फिरकी. गरम पाणी लावायचं नाही, भिजत ठेवायचं नाही, पिळायचं नाही, ओली घडी करायची नाही, उन्हात घालायची नाही. सावलीत टांगायची, तीसुद्धा अशी की लाल-निळं खाली यावं आणि फिकं वर, म्हणजे ओघळणारं पाणी फिक्यावरून गडदाकडे जाईल, उलट नाही. "गडद खाली, फिकं वर," मावशी ओरडत असते. हे वाक्य माणसांच्या बाबतीतही ऐकलंय, असं मी एकदा म्हणाले. तिने माझ्या हातात ओल्या गोधडीचं टोक दिलं आणि म्हणाली, "बोलू नको, धर."

पाटावर गेलं तरी तोच कायदा. वरच्या अंगाला मावशीच्या शहाण्या गोधड्या, खालच्या अंगाला बाकीचं जग. पाट सरकारचा, पाणी धरणाचं, पण जागा वाटून देणार मावशी. शेजारणीने चुकून लाल चादर वरच्या बाजूला बुडवली तर हिची हाक पार वस्तीपर्यंत ऐकू जाते. आणि बायका ऐकतात! मला याचीच चीड येते. तिच्याकडे कुठलंही पद नाही, कुठलाही अधिकार नाही. आहे ती पांढरी चिंधी आणि आवाज. पुष्कळ लोकांची सत्ता याच्याहून जास्त कशावर उभी नसते.

आता वहिनीचं सांगते. मावशीचा एकुलता एक मुलगा माझा मावसभाऊ, त्याची ही बायको. माहेर घोडेगावच्या पलीकडे, परिस्थिती बेताची. लग्नात तिच्या आईने भांड्यांबरोबर एक गोधडी दिली, स्वतः शिवलेली. अर्ध्या भागात तिचं स्वतःचं लग्नातलं लाल लुगडं, उरलेल्या अर्ध्यात वहिनीच्या वडलांचं पांढरं धोतर, काठाला भावाच्या शाळेच्या शर्टाची निळी पट्टी. टाके इतके बारीक की मुंगीने वाट चालावी. भांडी मांडली तिथेच, पाहुण्याबायकांच्या समोर, मावशीने बोटाला थुंकी लावली. चिंधी लालभडक झाली. "रडकी हाय," मावशी म्हणाली. चारचौघी हसल्या. नवी नवरी खाली मान घालून उभी होती. हसणं कोणावर होतं हे तिला विचारायला नको.

गोधडी पोत्यात गेली, पोतं माळ्यावर गेलं. ती कोणी पांघरली नाही, कारण मळली तर धुवावी लागेल. ती कोणी धुतली नाही, कारण धुतली तर रंग सोडेल. आणि घट बसायच्या आधी न धुतलेलं काही घरात चालत नाही, म्हणून दर वर्षी ते पोतं गोठ्यात जायचं आणि दसरा झाला की परत माळ्यावर. घरच्या देवीला ती न धुतलेली चालत नव्हती आणि मावशीला धुतलेली चालत नव्हती. नवरात्रात वहिनी गोठ्यात धार काढायला बसायची ती त्या पोत्याकडे पाठ करून.

मी मावशीला स्पष्ट विचारलं होतं. "तुझी गोधडी देवीसमोर आणि तिच्या आईची म्हशींसमोर, हा कुठला न्याय?"

"न्याय कसला त्यात? रंग सोडती ती."

"सोडू दे ना. सोडला तर काय आभाळ कोसळणारे?"

"तू गोधडी शिवलीय कधी?"

"नाही."

"मंग गप."

हे तिचं नेहमीचं. मुद्द्यावर अडली की ती माझ्या हातांकडे बघते.

मग एका वर्षी प्रकरण पेटलं ते वहिनीच्या आईमुळे. त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. गावी बघायला कोणी नाही, म्हणून नवरात्रात त्या लेकीकडे राहायला येणार असं ठरलं. लेकीच्या घरी त्यांचा हा पहिलाच मुक्काम. फोनवर त्या लेकीला म्हणाल्या, "मला दुसऱ्याच्या पांघरुनात झोप यायची न्हाई बाई. माजीच दे, तू पांघरतीस ती."

वहिनी भाकरी थापता थापता हे मला सांगत होती आणि तिचा हात थांबला होता. गेली कित्येक वर्षं आई फोनवर विचारायची, गोधडी पांघरतीस का गं, आणि ही सांगायची, व्हय आई, रोज. आता आई येणार, तीही नवा डोळा घेऊन. पोत्याचा वास मारणारी, घडीवर घडी बसलेली, कधीच न पांघरलेली कोरी गोधडी बघणार. लेकीच्या संसारात आपल्या हातच्या कामाला कुठे जागा मिळाली, ते एका नजरेत कळणार.

मी म्हटलं, "आजच्या आज मावशीसमोर विषय काढू. मी बोलते."

"ताई, तुमी बोलून एस्टीनं जाल," वहिनी म्हणाली. "मला हितंच ऱ्हायचंय."

दसरा काढायचा दिवस आला. त्यात गोठ्याचे पत्रे बदलायला काढलेले, म्हणजे पोतं ठेवायला गोठाही नाही. वहिनीने ते टेम्पोत टाकलं. मावशीने पाहिलं, ओठ दाबले आणि पाटावर पोचताच हुकूम सोडला, "त्ये पोतं बाभळीखाली ठेव. पान्याजवळ आनू नको." मग पदर खोचून ती पाण्यात उतरली आणि जग आपापल्या जागी लावायला लागली. वरच्या अंगाला हिच्या शहाण्या. त्यात तिची सगळ्यात लाडकी, पांढऱ्या धोतरांची, जी गेली कित्येक वर्षं दुधासारखी राखलेली, ती अगदी वर, जिथे पाणी कोणीही हात न लावलेलं येतं. खालच्या अंगाला शेजारणी, त्यांच्या चादरी, त्यांची पोरं. कडेला टिपेत मीठ विरघळतंय. मावशी कंबरेवर हात ठेवून उभी. तिच्या मते सृष्टी व्यवस्थित चालली होती.

आणि पाणी गुलाबी आलं.

आधी एक रेघ आली, मग पट्टा, मग पाटाची अख्खी रुंदी गुलाबी. पांढऱ्या धोतरांची गोधडी बघता बघता लग्नाच्या मांडवासारखी झाली. आम्ही वर पाहिलं. पाटाच्या वळणावर एक माणूस म्हैस पाण्यात घालत होता. म्हैस घोडेगावच्या बाजारातून आत्ताच विकत आणलेली, आणि सौदा मनासारखा झाला म्हणून कोणीतरी तिच्यावर मूठमूठ गुलाल उधळलेला. शिंगांपासून शेपटीपर्यंत. म्हैस पाण्यात बसली होती आणि डोळे मिटून घेतले होते.

"काढ ती!" मावशी किंचाळली. "काढ ती म्हैस भाईर!"

"गुलाल हाय मावशी, शुभ असतोय!" तो माणूस ओरडला.

"शुभ घाल तुज्या चुलीत! आदी म्हैस काढ!"

"निगंना की! आजच आनलीय. माजं ऐकत न्हाई अजून!"

तो दावं ओढत होता, म्हैस मान हलवत होती, आणि प्रत्येक हिसड्यागणिक नवा गुलाल सुटत होता. खालच्या बायका आधी दचकल्या, मग त्यांतली एक फिसकन हसली, आणि मग सगळा पाट हसायला लागला. इतकी वर्षं ज्यांना खालच्या अंगाला बसवलं, त्यांच्या चादरीही गुलाबी झाल्या होत्या, पण त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. मीही हसले. खरं सांगायचं तर मनसोक्त हसले. वर्षानुवर्षं मी पत्रकांनी जे करू पाहत होते ते एका म्हशीने पाण्यात बसून केलं.

हसणं एकदम थांबलं, कारण वहिनी बाभळीखालून येत होती. पोतं मागे रिकामं पडलं होतं आणि गोधडी तिच्या दोन्ही हातांवर होती.

"थांब," मावशी म्हणाली. "ती सोडंल रंग."

"सोडू द्या की," वहिनी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "आज समद्यांच्याच सोडत्यात, आत्याबाई. माज्या आईचीच तेवडी कोरडी कशाला?"

आणि ती पाण्यात उतरली.

मावशी जागची हलली नाही. शेजारची म्हातारी, जी मावशी लग्न होऊन आली तेव्हापासून तिला ओळखते, खडकावर बसल्या बसल्या म्हणाली, "तुजी बी रडकीच हुती की गं. माहेरची. सासूनं हितंच सोडून दिली वाहत, आटवतंय का?"

"गप गं," मावशी म्हणाली.

"मी गप बसंन. पानी गप बसतंय व्हय?"

मला हे ठाऊक नव्हतं. तुम्हाला वाटेल, हे ऐकून माझं मन विरघळलं. नाही विरघळलं. उलट मी जास्त चिडले. ज्या बाईने आपल्या आईची गोधडी वाहून जाताना पाहिली, तिने दुसरीच्या आईची पोत्यात कोंबावी? आपल्याला लागलेल्या चटक्याची आठवण ठेवायची, ती दुसऱ्याला चटका देण्यापुरतीच? पुढे एकदा मी हे तिला तोंडावर विचारलंही. ती म्हणाली, "पान्यात घातली आसती तर लोकांनी फेकायला लावली आसती. पोत्यात हुती म्हनून हाय तरी." म्हणजे ती वाचवत होती म्हणे. हे कारण मला पुरेसं वाटत नाही. माळ्यावर कोंडून वाचवलेली वस्तू ज्याची असते त्याला ती वाचलेली वाटत नाही, आणि सुनेशी त्याबद्दल एक शब्द बोलायला मावशीला कोणी मनाई केली नव्हती.

पण त्या दिवशी पाटात काय झालं तेही लिहायला हवं. कोरडी गोधडी पाणी प्यायली की किती जड होते, हे धुणाऱ्यालाच माहीत. वहिनीला ती पेलेना. प्रवाहात लाल लुगडं फुगलं आणि तिच्या हातातून एक टोक सुटलं. ते टोक मावशीने धरलं. ती कधी खाली आली ते मी पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा ती छातीपर्यंत भिजून उभी होती आणि टोक तिच्या दोन्ही मुठींत होतं.

"चोळू नको," ती वहिनीवर खेकसली. "नुसती धर. वाहू दे आंगावरनं. धोतर वरच्या आंगाला कर, लाल माज्याकडं दे. आसं. आता हालू नको."

लाल सुटत होतं. मीठ नाही, तुरटी नाही, चिंधी नाही. मावशीच्या अंगावरून, तिच्या फिक्या लुगड्यावरून लाल पाणी वाहत खाली जात होतं, आणि ती त्याच्या वाटेत उभी होती, जन्मभर ज्या जागेवर तिने दुसऱ्यांना उभं केलं त्या जागेवर. तोवर म्हैस एकदाची बाहेर निघाली होती. पाणी हळूहळू निवळलं. दोघींनी ती न पिळता उचलली, चालत नेली आणि बाभळीला टांगली. लाल खाली येईल अशी टांगली, तरी व्हायचं ते झालंच होतं. पांढऱ्या धोतरावर जागोजाग फिकट लाल ढग उतरले होते. वहिनी त्यांच्याकडे बघत राहिली. मावशीने चिंधी काढली नाही.

त्या वर्षी मावशीच्या घरातलं सगळं पांघरूण गुलाबीसर झालं, आणि घटासमोर जी अंथरूणं होती त्यांत कुठली शहाणी आणि कुठली रडकी हे देवीलाही सांगता आलं नसतं.

वहिनीची आई नवरात्रात आली. डोळ्यावर काळा चष्मा, हातात पिशवी. दुपारी आडवं व्हायचं म्हणून वहिनीने ती गोधडी आणून दिली. मी तिथेच होते. मावशी दाराशी तांदूळ निवडत होती, म्हणजे निवडल्यासारखं करत होती. आईने चष्मा काढला, गोधडी मांडीवर घेतली, टाक्यांवरून बोट फिरवलं. मग बोट धोतरावरच्या लाल ढगावर थांबलं.

"रंग गेला की गं हिचा."

वहिनी काही बोलणार तेवढ्यात दाराकडून मावशीचा आवाज आला. मान खालीच, बोटं तांदळातच.

"जातोच हो, विहीनबाई. रोजच्या रोज पांगरल्यावर रंग जातोच."

आईने गोधडी छातीशी धरली. "रोज पांगरती व्हय?" त्या इतक्या आनंदाने म्हणाल्या की वहिनीला स्वयंपाकघरात निघून जावं लागलं.

मावशी अजून तशीच आहे. सोनईचा दुकानदार अजून पांढरं मांजरपाट पुढे करतो. परवाच तिचा फोन आला होता, "पाटाला पानी सुटलंय, ये. आन् येताना त्ये गुलाबी कागद आनू नको." खांदा धरल्यामुळे तिला आता पाण्यात उतरता येत नाही, ती खडकावर बसून ओरडते, आणि तिथून तिला नीट दिसतही नाही. वहिनी ती गोधडी दर वर्षी धुते. लाल लुगडं आता फिकट गुलाबावर आलंय आणि धोतरही त्याच रंगावर आलंय. दोन्हींमधला टाका तेवढा दिसतो. मावशी खडकावरून विचारते, "गेला का गं रंग?" वहिनी सांगते, "न्हाई आत्याबाई, हाय अजून." मावशी मान डोलावते. मी तिच्या शेजारी बसलेली असते, तिच्यावर रागावलेली असते, आणि उठत नाही.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. घट बसायच्या आधी माळ्यावर चढा. कोणाच्या तरी आईने शिवलेली, कुठल्यातरी संशयापायी बांधून ठेवलेली गोधडी तिथे असेल, तर ती खाली काढा. गार पाणी घ्या, मीठ घाला, चोळू नका, पिळू नका, सावलीत वाळवा. रंग जाईल, जाऊ द्या. आणि जिची ती गोधडी आहे तिला एकटीला पाण्यात उतरवू नका. ओली गोधडी जड असते. दुसरं टोक तुम्ही धरा.